पाळीवरचा रस्ता आणि सांडव्यावरचा दिवा: जिल्हा परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
मा. कार्यकारी अभियंता, लघुपाटबंधारे विभाग,
मा. कार्यकारी अभियंता, बांधकाम विभाग, जिल्हा परिषद;
तसेच आमची ग्रामपंचायत आणि तलावाखाली शेती असलेले सर्व गावकरी

विषय: मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवरून, म्हणजे मातीच्या बांधावरून, टोलीकडे (आमच्या वस्तीकडे) जाणारा रस्ता, सांडव्यावरचा प्रस्तावित पूल आणि तिथला बंद पडलेला दिवा

महोदय, महोदया आणि गावकऱ्यांनो,

आमच्या तलावाच्या पाळीवर सिमेंटचा रस्ता करायचा आणि सांडव्यावर पाइप टाकून पूल बांधायचा, असा प्रस्ताव तयार होत असल्याचे ग्रामसभेत सांगितले गेले. टोलीला रस्ता मिळणार म्हणून लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्याच टोलीत राहते आणि आमच्या मच्छीमार संस्थेचे हिशेब लिहिते. हा रस्ता सर्वांत जास्त आम्हालाच हवा आहे. तरीही हा प्रस्ताव आज आहे तसा मंजूर करू नका, अशी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. पत्र खुले ठेवले, कारण धानपट्ट्यातल्या कितीतरी गावांत अशीच पाळ आहे, तिच्या टोकाला अशीच टोली आहे आणि तिथेही असेच प्रस्ताव येत असतील.

ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. गावाच्या मारुतीपासून पाळ सुरू होते. तिच्या माथ्यावरून साधारण एक किलोमीटर चालले की सांडवा लागतो. सांडवा ओलांडला की आमची ढिवरांची, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांची, टोली. चालताना डाव्या हाताला पाणी, उजव्या हाताला खोलगट भागात धानाच्या बांध्या. शाळा गावात, रेशन दुकान गावात, दवाखान्याची गाडी गावापर्यंत. टोलीतून कुठेही जायचे तर पाळ चढावीच लागते. मृगापासून दिवाळीपर्यंत माथ्यावर चिखल असतो आणि ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत गुडघाभर पाणी साचते. सांडवा वाहू लागला की शाळेतली पोरे घरी बसतात. बाळंतपणाला निघालेल्या बाईला खाटेवर घालून पाण्यातून नेल्याचे आमच्या टोलीने एकापेक्षा जास्त वेळा पाहिले आहे. रस्ता कशाला हवा, हे आम्हाला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

मग आक्षेप कशाला? पाळ हे मातीचे धरण आहे. तिच्यावरून रस्ता जातो, पण तिचे पहिले काम पाणी अडवण्याचे. एकाच वस्तूकडून दोन कामे करून घेताना दुसऱ्यासाठी पहिले बिघडवून चालणार नाही. पाळ फुटली तर टोली आणि गाव एकमेकांपासून तुटतीलच, शिवाय खालचे सगळे धान वाहून जाईल आणि आमची मासळीही.

मातीची पाळ कधीच पूर्ण स्थिर नसते. पावसाळ्यात पाणी भरले की ती ओल धरते आणि फुगते, उन्हाळ्यात तलाव उतरला की सुकते, दबते, भेगा पडतात. अशा हलत्या मातीवर सिमेंटचा ताठ थर बसवला तर तो दोन-तीन पावसाळ्यांत तडकतो. तडकेतून पाणी आत शिरते, खालची माती धुऊन नेते आणि वरून मात्र सगळे ठीक दिसते. मुरमाच्या माथ्यावर खचलेली जागा किंवा नवी भेग चालणाऱ्याला लगेच दिसते. उंदीर-घुशींची बिळे दिसतात, कुठे माती मऊ लागते ते पायालाच कळते. आमचे म्हातारे पावसाळ्यात पाळीवर अनवाणी फिरत ते याचसाठी. सिमेंटखाली काय चालले आहे हे मात्र कोणालाच कळणार नाही.

दुसरी काळजी कामाच्या पद्धतीची. रुंदी मिळवण्यासाठी माथा खरवडला तर पाण्याची सर्वांत वरची पातळी आणि पाळीचा माथा यांतले सुरक्षित अंतर कमी होते. भरावाची माती जवळ पडते म्हणून पाळीच्या पायथ्यालाच जेसीबी लावला तर बुडखाच कमजोर होतो. झाडांबद्दलही लिहिते. मातीच्या धरणावर मोठी झाडे नसावीत, हे अभियंत्यांचे म्हणणे मला मान्य आहे. पण आमच्या पाळीवरचे अर्जुन आणि मोह पिढ्यान्‌पिढ्यांचे आहेत. आता ते एकदम तोडले तर आतली मुळे कुजतील आणि त्यांच्या जागी पाळीच्या पोटात पोकळ्या राहतील. म्हणून जुनी झाडे राहू द्यावीत, नवी मात्र लावू नयेत. वृक्षारोपणाचा कार्यक्रम गावात दुसरीकडे कुठेही करा, आम्ही खड्डे खोदायला येऊ.

ही पाळ आमच्या पूर्वजांनी कशी जपली, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला जमिनीच्या सवलती मिळत. कोहळी समाजाने या भागात तलाव बांधण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली. नवेगावबांध आणि सिवनीबांध ही त्यांतली मोठी नावे. पण खरी संपत्ती म्हणजे गावोगावचे लहान तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून असे 6,000 हून अधिक माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या) ताब्यातले तलाव, आहेत. ढाळ कुठे आहे, पाणी कुठून येते आणि जास्तीचे कुठून काढून द्यायचे, हे त्या माणसांनी सिमेंटचा कणही न वापरता साधले. पाळ दरवर्षी माती टाकून दुरुस्त करायची आणि ते काम सगळ्या गावाचे, हा रिवाज होता. मालगुजारी रद्द करणारा कायदा 1950 मध्ये झाला आणि 1951 मध्ये तलाव सरकारजमा झाले. तेव्हा मालक बदलला आणि दुरुस्तीची सामूहिक सवयही हळूहळू सुटत गेली. आता 100 हेक्टरपर्यंत सिंचन क्षमता असलेले तलाव जिल्हा परिषदेकडे आहेत. म्हणजे आमच्या तलावाची जबाबदारी आपल्याकडे आहे.

तलाव आपला, पण त्याच्या पाळीवरचा रस्ता कोणाचा? आमची खरी अडचण इथून सुरू होते. लघुपाटबंधारे विभागाच्या कागदावर ती पाळ आहे. बांधकाम विभागाच्या रस्त्यांच्या नोंदवहीत ग्रामीण मार्ग म्हणून तिला क्रमांक नाही. क्रमांक नाही म्हणून देखभालीचा निधी नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना 2000 साली आली तेव्हा सपाट प्रदेशात 500 लोकवस्तीची अट होती आणि आमची टोली त्या अटीत बसली नाही. अशा रीतीने हा रस्ता सगळ्यांच्या पायाखाली आहे आणि कोणाच्याही यादीत नाही. आमची पहिली मागणी खर्चाची नाहीच. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज काढून पाहावेत. जुन्या मध्य प्रांतातल्या गावांचे पाणी, चराई आणि वहिवाटीचे हक्क त्यांत लिहिलेले असतात. त्या आधारे पाळीवरच्या वहिवाटीची नोंद घ्यावी, तिला क्रमांक द्यावा आणि त्या नोंदीतच स्पष्ट लिहावे की हा रस्ता धरणाच्या माथ्यावर आहे, सबब लघुपाटबंधारे विभागाच्या संमतीशिवाय त्यावर कुदळ पडणार नाही.

आता सांडव्याविषयी, कारण सर्वांत मोठा धोका तिथे आहे.

या भागात पावसाळ्यात 1,200 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि कधीकधी त्यातला मोठा वाटा दोन-तीन दिवसांत कोसळतो. तलाव भरला की जास्तीचे पाणी सांडव्यावरून पसरट वाहून जाते. सांडव्याची लांबी हीच त्याची ताकद. लांबी जितकी जास्त, तितके पाणी कमी उंचीने निघून जाते. त्या पूर्ण लांबीवर भराव घालून मध्ये तीन-चार पाइप ठेवले तर तेवढेच पाणी बाहेर पडण्यासाठी तलावाची पातळी आधी वर चढावी लागेल. ती कुठवर चढेल? पाळीच्या माथ्यावरून पाणी जाऊ लागले की मातीची पाळ काही तासांत कापली जाते. त्यात आमच्या तलावात बेशरमीची झुडपे माजली आहेत. पुरात ती उपटून वाहत येतात आणि पाइपच्या तोंडाशी अडकतात. रात्री बारा वाजता, धो धो पावसात, त्या तोंडाशी उतरून झुडपे ओढायला कोण जाणार? गेले तर आमच्याच टोलीतले पोर जाईल. ते परत येईल याची खात्री कोण देणार?

म्हणून आमचे म्हणणे असे आहे. सांडवा मोकळा ठेवा. त्याच्या तळाशी असलेला दगडी रपटा (पुरात पाण्याखाली जाणारी सखल फरसबंदी वाट) आज मोडला आहे, तो सांडव्याच्या पातळीपेक्षा तसूभरही वर न आणता पक्का करा. बैलबंडी आणि दुचाकी कोरड्या दिवसांत त्यावरून जातील. पुराच्या दिवसांसाठी वरून, लांब लांब खांबांवर, माणसांपुरता साकव (अरुंद पूल) द्या. त्याचा तळ पुराच्या सर्वांत वरच्या पातळीच्याही बराच वर हवा. खांब कमी आणि अंतर जास्त, म्हणजे झुडपे अडकणार नाहीत. याला पाइपच्या पुलापेक्षा जास्त पैसे लागतील, हे उघड आहे. पण सिमेंटच्या रस्त्याचा खर्च वाचवून तो साकवाकडे वळवता येईल. माथ्यावर आम्हाला चांगला दाबलेला मुरूम, मध्ये किंचित उंचवटा आणि पाणी साचू नये म्हणून शेताच्या बाजूला ठरावीक अंतरावर दगडी पन्हळी, एवढे पुरे आहे. दर उन्हाळ्यात मुरूम पुन्हा टाकावा लागेल. ते काम रोजगार हमीतून गावातल्याच माणसांना मिळेल.

आणि आता दिव्याबद्दल. प्रस्तावात त्याचा उल्लेखही नाही, असे कळले.

सांडव्याच्या कडेला लोखंडी खांबावर एक सौर दिवा आहे. कोणत्या तरी योजनेतून बसला होता. काही वर्षे तो चांगला जळला. मग बॅटरी गेली आणि तेव्हापासून तो बंद आहे. गावातल्या लोकांना वाटते, रस्त्यावरचा एक दिवा गेला, त्यात काय एवढे. पण तो दिवा आमच्यासाठी रस्त्यापेक्षा पाण्याकडे तोंड करून उभा होता. ढिवरांची जाळी संध्याकाळी पडतात आणि पहाटे उजाडण्याआधी उचलली जातात. कोणी डोंग्यावर असतो, कोणी ट्रकच्या ट्यूबवर पाटी बांधून. हिवाळ्यात धुई (धुके) इतकी दाट असते की हातातले वल्हे दिसत नाही. पावसाळ्यात सांडवा वाहत असला की पाण्याला त्या बाजूची ओढ लागते आणि अंधारात ती ओढ उशिरा कळते. दिवा दिसला की दोन गोष्टी एकदम कळत: घर त्या दिशेला आहे आणि त्या दिव्याच्या सरळ रेषेत जायचे नाही, डावीकडून काठ धरायचा. आमच्या टोलीतली एक म्हातारी मावशी मला म्हणाली, "बाई, दिवा नसन तं डोंगा कोठं लावाचा, कसं समजन?" तिचा मुलगा रोज पहाटे पाण्यावर असतो.

आमची संस्था एकदा कोकणात मासेमारी पाहायला गेली होती. रेवदंड्याजवळ कोर्लईला कोळीवाड्यातून समुद्राच्या कडेकडेने एक अरुंद रस्ता जातो आणि किल्ल्याच्या पायथ्याला दीपगृहाशी संपतो. समुद्र आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो, सगळे लाटांकडे बघत राहिले. मला मात्र तो रस्ता पाहून आमची पाळच आठवली. एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला मासे मारणाऱ्यांची घरे आणि टोकाला दिवा. अर्थात तो दिवा समुद्रावरच्या जहाजांसाठी आणि आमचा तलावातल्या डोंग्यांसाठी, त्यांची बरोबरी मी करत नाही. पण परत आल्यावर मी थोडे वाचले. मुंबईजवळच्या खांदेरी बेटावर 1867 पासून दीपगृह आहे. देशातल्या दीपगृहांसाठी 1927 सालीच कायदा झाला आणि 2021 मध्ये जलवाहतुकीच्या दिशादर्शक साधनांसाठी नवा कायदा करून त्याची जागा भरली. त्यासाठी केंद्र सरकारचे स्वतंत्र महासंचालनालय आहे. बंदरात येणाऱ्या जहाजांकडून शुल्क घेतले जाते आणि त्यातून दिवे सांभाळले जातात. दिवा कोणी लावायचा, कोणी दुरुस्त करायचा आणि पैसा कुठून येणार, हे सगळे लिहिलेले आहे. दीपगृहापर्यंत रस्ताही त्यामुळेच सांभाळावा लागतो, कारण दिव्याजवळ माणूस पोचला नाही तर दिवा टिकत नाही.

आमच्या खांबाबद्दल असे कुठेही एक ओळ लिहिलेली नाही. तो कोणी बसवला ते फलकावर होते, आता फलकही गंजला. सौर दिव्याची साधी बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते, यात कोणाचा दोष नाही. दोष एवढाच की बदलायची कोणी, हे बसवताना ठरले नाही. ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून बॅटरी आणि दिवा बदलून द्यावा. पुढची देखभाल आमची मच्छीमार संस्था घेईल. दिव्याची सौर पाटी पुसणे, तारा तपासणे आणि बिघाड झाल्यास त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीला लेखी कळवणे, एवढी जबाबदारी लेखी स्वीकारायला आम्ही तयार आहोत. बदल्यात ग्रामपंचायतीने दरवर्षीच्या आराखड्यात या दिव्यासाठी थोडी रक्कम राखून ठेवावी. दिव्याचे तोंड तलावाकडे असावे आणि त्याचा उजेड पलीकडच्या काठावरून दिसावा, एवढी एक अट. गावातल्या चौकातल्या दिव्यासारखा तो खाली जमिनीकडे वळवला तर आमच्या कामाचा राहणार नाही.

शेवटी माझ्या गावातल्या शेतकरी बांधवांना, कारण साहेबांना सांगून अर्धेच काम होईल.

पाळीवर चाकोऱ्या टोलीच्या लोकांनी पाडलेल्या नाहीत. धानाच्या बोऱ्यांनी भरलेल्या ट्रॉल्या आणि हार्वेस्टर पाळीवरून जातात म्हणून त्या पडल्या. तुमचाही नाइलाज आहे, हे मी जाणते. पाळीखालून जाणारी जुनी पांदण (शेतांमधली गाडीवाट) होती, तिच्यातून बंड्या जात. दोन्ही बाजूंच्या शेतांनी दरवर्षी एकेक सरीभर नांगर आत घातला आणि पांदण आता माणूस चालेल एवढीच उरली. कोणाचे नाव घेत नाही. पण पांदण मोकळी झाल्याशिवाय पाळीवरचे ओझे कमी होणार नाही. त्यासाठी मार्ग आहेत. भूमी अभिलेखकडून मोजणी करून घेता येते. अडथळा दूर करण्यासाठी तहसीलदाराकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली दाद मागता येते. शेतरस्त्यांची सातबाऱ्यावर नोंद घेण्याचा शासनाचा 2025 चा निर्णय आहे आणि पाणंद रस्त्यांसाठीच्या शासकीय योजनेतून निधी मागता येतो. तहसीलपर्यंत न जाता गावातच बसून चुन्याची रेघ ओढली तर सर्वांत बरे. तलावाचे पाणी धान निसवण्याच्या वेळी तुमच्याच बांध्यांत येते. पाळीला धक्का बसला तर आधी नुकसान तुमचे होईल, आमचे त्यानंतर.

पांदण सुरू झाली की पाळीच्या गावाकडच्या टोकाला दोन दगडी खांब उभे करा. त्यांतून रुग्णवाहिका, बैलबंडी आणि दुचाकी जाईल, भरलेली ट्रॉली आणि टिप्पर जाणार नाही. टोलीत घरकुलाचे सामान येते तेव्हा तेही पांदणीने येईल, याची हमी मी टोलीच्या वतीने देते. आमच्या वस्तीची बैठक होऊन हे ठरले आहे.

महोदय, पाहणीसाठी आपण पावसाळा सुरू होण्यापूर्वी यावे. वैशाखात तलाव उतरलेला असतो, तेव्हा पाळीची पाण्याकडची बाजू आणि तिचे निखळलेले दगड उघडे दिसतात. सांडव्याची खरी लांबीही तेव्हाच मोजता येते. श्रावणात आलात तर पाणी आणि गवतच दिसेल. येताना लघुपाटबंधारे आणि बांधकाम या दोन्ही विभागांचे अभियंते एकाच दिवशी यावेत. एकाने पाळ पाहून जायचे आणि दुसऱ्याने रस्ता, असे झाले तर पुन्हा दोन वेगळे कागद तयार होतील. सकाळी लवकर निघालात तर उन्हाच्या आधी पाळ चालून होईल. पाण्याच्या दाराची किल्ली संस्थेकडे आहे, दारही उघडून दाखवू. निस्तारपत्रकाची नक्कल आणि टोलीच्या बैठकीचा ठराव घेऊन आम्ही मारुतीपाशी थांबू.

आपली,
टोलीतली एक रहिवासी आणि मच्छीमार सहकारी संस्थेची सभासद